इंजिनिअरिंगच्या पोरांना उद्योजकता शिकवता येते का, आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की 'उद्योजकता आणि नवोन्मेष' हा विषय या सेमिस्टरला पहिल्यांदाच तुम्हाला मिळालाय, तो मुळात शिकवता येतो का, येत असेल तर कसा शिकवावा, आणि पुस्तक कुठलं घ्यावं. 'मिळालाय' म्हणताय. पहिल्या वर्षी मीपण मिळालाय असंच म्हणत होतो, आता गळ्यात पडलाय म्हणतो, पण सोडायला सांगितला तर सोडणार नाही.

पुस्तकाचं आधी उरकतो. सिलॅबसला जे लावलंय ते घ्या. पोरं तसंही परीक्षेच्या आदल्या रात्री लोकल ऑथरच वाचणार. बिझनेस मॉडेल कॅनव्हास, म्हणजे धंद्याचा एकपानी आराखडा, शिकवाच, नऊ चौकोन असतात, बरा आहे, पण वर्गात बसून भरू देऊ नका. मी पहिल्या वर्षी भरू दिला आणि ६२ पोरांनी वीस मिनिटांत भरून दिला. कस्टमरच्या चौकोनात निम्म्याहून जास्त जणांनी 'वय १८ ते ४५' लिहिलेलं. १८ ते ४५ म्हणजे कोण हो? मी, माझी बायको, आमचा प्यून आणि कॉलेजच्या गेटवरचा वडापाववाला, सगळे त्यात बसतो आणि चौघांना चार वेगळ्या गोष्टी पाहिजे असतात.

आता खरं सांगायचं ते.

मी कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो, नाव लिहीत नाही. २०१८ च्या शेवटाला तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने कॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिल काढायला लावल्या, आयआयसी म्हणतात ते. त्याला स्टार रेटिंग असतं. स्टार म्हटल्यावर आमच्याकडे जी धावपळ सुरू झाली ती नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी होते तशीच, बॅनर, फोटो, अटेंडन्स शीट, परत फोटो. एक सर कोऑर्डिनेटर झाले. माणूस वाईट नाही, कामाला वाघ, पण इनोव्हेशन म्हणजे ज्याला वायर लागते ते, अशी त्यांची पक्की समजूत.

लगेच पुढच्या जानेवारीत मी थर्ड इयरला सांगितलं की यावेळी पीपीटी नाही. १४ गट, दहा आठवडे, काहीही विका, फक्त घेणारा नातेवाईक नको आणि प्रत्येक व्यवहार वहीत पाहिजे. कॉलेजकडे भांडवल मागितलं तर अकाउंट्सवाले म्हणाले ऑडिटला कुठल्या हेडखाली दाखवू? मग प्रत्येकाने दोनशे काढायचे ठरलं, आणि ज्यांना जास्त लागतील त्यांना पाच हजारांपर्यंत माझ्याकडून उसने. तीन गटांनी घेतले. एकाचे अजून यायचेत, त्याचं लग्न पण झालं.

त्यातल्या एका गटात तीन जण होते, दोन पोरं आणि एक मुलगी, तिघांत चालवणारी तीच. तेव्हा गुळाचा चहा जोरात होता, गाड्या-गाड्यावर पाट्या. ही तिघं आधी 'हेल्दी गूळ' विकायला निघाली होती, पोस्टरवर हिरवं पान वगैरे. मी म्हटलं आधी चार दिवस चहाच्या गाड्यावर नुसते उभे राहा. पाचव्या दिवशी मुलगी येऊन म्हणाली, सर, हेल्दीचं कुणालाच पडलेलं नाही, चहावाल्याची कटकट वेगळीच आहे. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडायला बत्ता घेऊन बसावं लागतं, खडे लहानमोठे पडतात, मालक असला की चहा बरोबर आणि कामावरचं पोरगं असलं की एकदा पाणचट एकदा शिरा. आणि दूध उकळत असताना गूळ टाकला तर फाटतं, म्हणून तो उतरवल्यावर घाईत टाकायचा, तेव्हा खडा विरघळत नाही.

झालं की. मार्केट रिसर्च दुसरा काय असतो?

मग तिघं करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेली. मीपण एकदा गेलो. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, पाक निववायच्या वाफ्यात ओतला की एरवी तो जरा निवल्यावर रव्यांच्या साच्यात भरतात, यांनी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, सांगितलं तसाच घोटत राहा, दाणा मोकळा होईपर्यंत. पावडर गूळ नवा नाही, पुण्या-मुंबईला डब्यातून जातोच. गुळव्या म्हणाला, "करून देतो की, पर पावसाळ्यात ह्येचा दगड हुतोय बगा." हे वाक्य तिने वहीत लिहून ठेवलं होतं आणि मी वाचूनही सोडून दिलं होतं, ते पुढे येईल. तर ती चाळलेली पावडर २०० ग्रॅमच्या पाकिटात. दोनशेच का, तर वीस कपांचं एक पातेलं, कपाला दहा ग्रॅम. एक पातेलं, एक पाकीट. मोजमाप नाही, बत्ता नाही, पोरगं असो की मालक, चव तीच. खाण्याची वस्तू म्हणून आधी एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन काढायला लावलं, तेव्हा वर्षाला शंभर रुपये होते, आणि पाकिटावर वजन, तारीख, किंमत. ही असली कामं पोरांना पहिल्यांदा करताना बघा, सेमिस्टरभराच्या लेक्चरपेक्षा जास्त शिकतात.

हिशोब देतो, कारण या विषयावर हिशोबाशिवाय बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. गुऱ्हाळाचा भाव किलोला ५८, पाच रिकाम्या पाकिटांचे ४ रुपये, विक्री १५ ला पाकीट म्हणजे किलोला ७५. सुटले १३. दहा आठवड्यांत ३१० किलो गेला. ४,०३० रुपये, त्यातून पेट्रोल १,१२० गेलं, नफा २,९१०. मुलगी खूश. मी म्हटलं दाखव पैसे. तर गल्ल्यात भांडवलाचे म्हणून पाच हजार असायला पाहिजेत ते पण नव्हते, ४,२६० होते. दहा मिनिटं ती वहीकडे बघत बसली. बाहेर उधारी ३,६५० होती. म्हणजे नफा झालाय २,९१० आणि खिशातले गेलेत ७४०. हे अकाउंटिंगच्या पेपरला तिला ७० पैकी ५८ होते तरी माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं, पण अंगाला लागलं नव्हतं.

मार्चमध्ये कॉलेजची स्पर्धा झाली. फॉर्मवर टीआरएलचा, म्हणजे टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हलचा, रकाना होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, नासाने काढलेली पट्टी आहे, १ ते ९, नुसतं मूळ तत्त्व कागदावर असलं की १ आणि वस्तू प्रत्यक्ष जागेवर चालून सिद्ध झालेली असली की ९. मुलीने ९ लिहिलं. कोऑर्डिनेटर सरांनी लाल पेनने काट मारली. ती म्हणाली, सर, १५ गाड्यांवर रोज वापरतात, मग नऊच ना? सर म्हणाले, बेटा, यात टेक्नॉलॉजी कुठंय, हा तर किराणा झाला.

पहिलं बक्षीस दहा हजारांचं, स्मार्ट डस्टबिनला. तुमच्या कॉलेजात पण असेल एक, असतोच. आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, पुढे अल्ट्रासॉनिक सेन्सर, हात नेला की झाकण उघडतं. सेन्सर शंभर रुपयाच्या आसपास मिळतो, कोड नेटवर आहे, आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर सगळा प्रोजेक्ट रिपोर्टसकट तयार मिळतो. स्पर्धेच्या दिवशी ते झाकण उघडलं, मिटेना. परीक्षकांनी 'स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट' म्हणून त्याचेही मार्क दिले.

मी स्टाफरूममध्ये बोललो. जास्तच बोललो. सरांनी उद्घाटनाच्या भाषणात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण दिलं होतं, तेच उलटं घातलं. म्हटलं, सर, किर्लोस्करवाडी इथून गाडीने दोन तासांवर आहे, लोखंडी नांगर बनवायला त्या माणसाला अडचण नव्हती, अडचण खपायला होती, लोखंडाने जमिनीला विष बाधतं म्हणून शेतकरी हात लावत नव्हते, पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. आणि ते पण आधी मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजला मास्तरच होते, तुमच्या-माझ्यासारखे. तुमच्या फॉर्ममध्ये ती दोन वर्षं कुठल्या रकान्यात बसतात? सर म्हणाले, तुम्ही इमोशनल होताय. झालोच होतो.

का झालो ते सांगतो. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिल. फाउंड्रीच्या कास्टिंगचं मशीनिंग. हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगायचे. २००३ ला बंद केलं. कामाअभावी नाही, वसुलीअभावी, १ लाख ८६ हजार बाहेर अडकले होते, सगळं काम चिठ्ठीवर घेतलेलं, बिल नाही, माल पोचवल्याचं चलन नाही, सही नाही. अण्णांचं ठरलेलं वाक्य होतं की काम शिकवता येतं, वसुली शिकवता येत नाही, ती रक्तात लागते. मला वर्कशॉपमध्ये पाऊल टाकू दिलं नाही, शिक आणि नोकरी धर. धरली. पुढे हा विषय आल्यावर तयारी करताना मला कळलं की लघुउद्योगाचे पैसे थकवले तर व्याज द्यावं लागतं असा कायदा १९९३ लाच झाला होता. अण्णांच्या धंद्याच्या शेवटच्या दहा वर्षांत तो होता, आणि उद्यमनगरातल्या त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हता. आता २००६ चा एमएसएमई कायदा आहे, करार केला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यावर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही गाठ मारलीय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हे शिकवता येत नाही? एका तासात शिकवून होतं. मी शिकवतो. बिल कसं करायचं, चलनावर सही का घ्यायची, आणि गाड्यासमोर उभं राहून, समोर गिऱ्हाईक असताना, तोंड वाकडं न करता पैसे कसे मागायचे, हे पण. त्याला वीस मार्क ठेवलेत. अण्णांना हे सांगितलं होतं, ते म्हणाले मार्क ठेवून का पैसे येतात. येतात अण्णा. सगळे नाही, पण येतात.

त्या तिघांचं पुढे असं झालं. जूनला पाऊस लागला आणि गुळव्या म्हणाला होता तसा पाकिटांचा दगड झाला, ४० किलो. साध्या प्लास्टिकच्या पाकिटातून दमट हवा जाते हे मेकॅनिकलच्या मास्तराला सुचायला पाहिजे होतं, नाही सुचलं. ऑगस्टात पूर आला, २०१९ चा, शाहूपुरीत पाणी शिरलं, काही गाडे महिनाभर लागलेच नाहीत. उधारीतले दोन हजार तरी तिथेच राहिलेत असं आम्ही धरून चाललो. सप्टेंबरात मुलगी सहज म्हणून त्या बाजूला गेली तर एक चहावाला चिखल खरवडत होता, हिला बघितल्यावर म्हणाला, "पोरी, तुजं किती ऱ्हायल्यात?" तिने खोटं सांगितलं की सगळे मिळालेत. वहीत तो ४२० रुपयांचा आकडा अजून तसाच आहे, पुढे काही लिहिलेलं नाही. मार्क द्यायचे झाले तर याचे कुठे देऊ मला समजलं नव्हतं, सेमिस्टर संपलं होतं म्हणून वाचलो.

स्टार्टअप झाला का विचाराल, तर नाही. ती पुण्यात नोकरीला आहे, परचेसला. बाकी दोघांपैकी एक गल्फला, एक स्पर्धा परीक्षा देतोय.

आता थोडं सावरून घेतो, नाहीतर कमेंटमध्ये मार बसेल. १४ पैकी ९ गट तोट्यात गेले होते. दोन गटांनी मामालाच माल विकून वही रंगवली होती, ते मला सुगावा लागला तेव्हा मार्क लागून गेले होते. एका पालकाने ऑफिसात येऊन फी कशाला भरतोय म्हणून आवाज चढवला, आणि त्यांचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि सर पण सगळे चूक नव्हते. आयडियाफोर्जचे ड्रोन आयआयटी मुंबईतल्या पोरांनी काढले, त्यांना दहा आठवड्यांत माल विका म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं, तिथे इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र, लागतो, लॅब लागते, वर्षं लागतात. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर आहे, तिथे केमिकल, बायोटेकवाले बसतात, त्यांच्या कामाला माझी वही पुरणार नाही. तुमच्या कॉलेजात तसं खरंच कुणी काही करत असेल तर माझी पद्धत त्यांना लावू नका, त्यांना तिकडे पाठवा. पण डस्टबिनवाल्यांना लावा. डस्टबिनवाल्यांना नक्की लावा.

तुमच्या मूळ प्रश्नात इंटर्नल मार्क कसे द्यायचे तेही होतं बहुतेक, ते राहिलं. मी वहीला ४०, गिऱ्हाइकाशी बोलून बदललेल्या गोष्टींना ४०, वसुलीला २० देतो, नफ्याला शून्य. नफ्याला मार्क ठेवलेत की मामा येतो.

नमुना म्हणून त्या वहीचा फोटो इथे टाकणार होतो, पण तीत चहावाल्यांची नावं आहेत, उधारीसकट, म्हणून टाकत नाही.