चाकावरचे रबर आणि तोंडात जाणारी गाडी

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवासाठी मी सागवानी ढकलगाडी केली आहे. फरशीवर खडखडाट होऊ नये म्हणून तिच्या १२ सें.मी. व्यासाच्या चाकांवर स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पांढऱ्या फेविकॉलने चिकटवल्या, त्या दोन दिवसांत सुटल्या. चपला दुरुस्त करणाऱ्याकडचे सोल्यूशन पक्के धरते, पण त्याचा वास घेताच सूनबाईंनी ते घराबाहेर ठेवायला लावले. पक्का आणि बिनविषारी असा गोंद कोणता? – एक वाचक, सांगली

उत्तर : सूनबाईंचे नाक बरोबर सांगते आहे. या सोल्यूशनमध्ये कृत्रिम रबर टोल्युइन, हेक्झेन यांसारख्या द्रावकांत विरघळवलेले असते, आणि खरा अपाय ते द्रावक उडत असताना श्वासावाटे होतो. बंद खोल्यांत पादत्राणे चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा हेक्झेनमुळे दुबळ्या झाल्याचे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. पांढरा फेविकॉल त्या मानाने निरुपद्रवी, पण तो लाकडात मुरून धरतो. रबरात मुरायला वावच नसल्याने सुकल्यावर त्याची साल निघते.

आपल्याला हवा तो गोंद म्हणजे पाण्यात कालवलेल्या निओप्रीनचा (एका कृत्रिम रबराचा) कॉन्टॅक्ट गोंद, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून सुकल्यावर टेकवायचा गोंद. ट्यूबची चकाकी जाऊन काळी भुकटी निघेपर्यंत सँडपेपर फिरवावा, स्पिरिटने पुसावे, रबर आणि लाकूड दोन्हींवर पातळ थर द्यावा आणि गोंदाचा दुधी रंग पूर्ण जाईपर्यंत धीर धरावा. मगच पट्टी एका टोकापासून दाबत न्यावी, कारण एकदा टेकलेली पट्टी पुन्हा सरकवता येत नाही. फेविक्विकसारखा झटपट गोंद रबराला घट्ट धरतो खरा, पण सुकल्यावर ठिसूळ होत असल्याने सतत दबणाऱ्या पट्टीखाली तो तडकतो.

मात्र मला काळजी गोंदापेक्षा ट्यूबची वाटते. रस्त्यावर फिरणाऱ्या वाहनासाठी केलेल्या रबरात काजळी, तेले आणि रबर पक्के करणारी रसायने असतात, ती मुलाने चोखावी या हिशेबाने घातलेली नसतात; युरोपात तर खेळण्यांच्या रबरी भागांतील अशा तेलांमधून येणाऱ्या आठ घातक संयुगांवर, प्रत्येकी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम अशी मर्यादा २०१५ पासून आहे. दीड वर्षाचे मूल चाक तोंडात घालणारच. तेव्हा ट्यूब बाजूला ठेवून स्टीलच्या हवाबंद डब्यांच्या झाकणाला असते तशी, खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉनची रिंग घ्यावी. सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज जवळजवळ कोणताच गोंद धरत नाही, पण इथे तो लागतच नाही. सुताराकडून चाकाच्या कडेला रिंगच्या निम्म्या जाडीची खाच पाडून घ्यावी आणि १० सें.मी.च्या आसपास व्यासाची रिंग ताणून तीत बसवावी. बोटाने ओढून ती खाचेबाहेर येत असेल, तर आणखी लहान रिंग घ्यावी.