‘लोकांना काय सांगायचं?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, गुण उत्तम. दोन वर्षं कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आहे. आता एका विद्यापीठात संशोधकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा नवा गट उभा राहतोय, तिथे जायचं म्हणते. ना पीएच.डी., ना कंपनीचा पगार. प्राध्यापकांच्या हाताखालची मदतनीसच ना ती? लोकांना काय सांगायचं? आठवडाभर मी तिच्याशी बोललेलो नाही. तुम्ही तिला समजवा. – एक वडील

उत्तर : तिला समजवण्याचं काम मी करणार नाही. तुमच्या पत्रातला तो आठवडाभराचा अबोला मला सगळ्यात जास्त खुपला. हातातली नोकरी सोडून नव्या वाटेला जाणाऱ्या मुलीला या दिवसांत कुणीतरी खोदून खोदून प्रश्न विचारायला हवेत. ते काम वडिलांइतकं चांगलं कोण करणार? आणि नेमके तुम्हीच गप्प बसलात. तिच्या निर्णयात धोके आहेत, पण तुमच्या पत्रात त्यांतला एकही नाही. तिथे फक्त लोक आहेत.

आता ‘मदतनीस’ या शब्दाबद्दल. 2014 साली ब्रिटनमधल्या 15 विद्यापीठांतल्या संशोधकांची पाहणी झाली. दहांतल्या जवळपास सात जणांनी सांगितलं, की सॉफ्टवेअरशिवाय आमचं संशोधन होऊच शकत नाही. निम्म्याहून जास्त जण ते स्वतःच लिहीत होते, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी पाचातल्या एकाला त्याचं कसलंही प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. याची किंमत काय पडते ते पाहा. प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेच्या घरगुती प्रोग्रॅममध्ये आकड्यांचे दोन स्तंभ उलटसुलट झाले होते. रचनाच चुकीची निघाली आणि 2006च्या अखेरीस ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकातले 3 शोधनिबंध मागे घ्यावे लागले. माणसं हुशार होती, कष्टाळू होती. तो कोड दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून गेला नव्हता, इतकंच. एरवीही विद्यार्थी चार वर्षं राबून प्रोग्रॅम लिहितो, पदवी घेऊन जातो आणि मागे कुणालाच न उलगडणारी फाइल राहते. असा कोड तपासणं, त्याच्या चाचण्या लिहिणं, तो दहा वर्षांनी दुसऱ्याला चालवता येईल असा ठेवणं, हे तुमची मुलगी करणार आहे. त्यासाठी विज्ञानही कळावं लागतं आणि कंपनीतली शिस्तही लागते. तिच्याकडे दोन्ही आहे.

या कामाला ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव मिळालं ते 2012 साली, ऑक्सफर्डमधल्या एका कार्यशाळेत. त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये असा स्वतंत्र गट सुरू झाला; पुढे इतर विद्यापीठांनीही ती वाट धरली. म्हणजे पेशा तरुण आहे, आणि खरी काळजी इथे सुरू होते. ‘गट’ म्हणून जाहिरात देतात आणि प्रत्यक्षात एका प्राध्यापकाच्या अनुदानावर एकच माणूस घेतात, असंही होतं. अनुदान संपलं की तो माणूसही संपला. खऱ्या गटाची घडी वेगळी असते. संशोधक अनुदानासाठी प्रस्ताव लिहितानाच गटाच्या अमुक महिन्यांच्या कामाचे पैसे त्यात मागून ठेवतात, एकेक जण दोन-तीन प्रकल्पांत वाटून काम करतो, आणि दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या काळाचा पगार विद्यापीठ आपल्या तिजोरीतून देतं. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो भार उचलायला विद्यापीठ तयार नसेल, तर तिने जाऊ नये, असं मी तिलाही तोंडावर सांगेन.

आणखीही विचारायचं आहे. गटाच्या प्रमुखाने स्वतः कधी कोड लिहिला आहे का? वरचं पद आहे का, की पाच वर्षांनीही हीच खुर्ची? तिच्या सॉफ्टवेअरवर निबंध उभा राहिला तर लेखकांत तिचं नाव येईल का? नव्या गटात पहिलं वर्ष-दीड वर्ष संशोधकांचा विश्वास मिळवण्यातच जातं, त्याची तिने तयारी ठेवावी. पगार बहुधा कंपनीपेक्षा कमी असेल. तो हिशेब तिने केला असेलच, तरी एकदा शेजारी बसून करा. पीएच.डी.ची दारं यामुळे बंद होत नाहीत, आणि तिथल्या प्रवेश परीक्षांची माहिती हवी तेव्हा मिळते.

लोकांनी विचारलंच, तर ती संशोधनाचं सॉफ्टवेअर लिहिते म्हणून सांगा. आज संध्याकाळी तिच्याकडून नेमणुकीचं पत्र मागून घ्या आणि दोघं मिळून वाचा. कराराची मुदत कुठे लिहिली आहे, ती कशाला बांधली आहे, ते पाहा. तिथे एखाद्या प्रकल्पाचं नाव दिसलं, तर मला पुन्हा लिहा. पण या वेळी पत्र दोघांचं असू द्या.