वाचकांचे प्रश्न : परदेशात स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी

प्रश्न : अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे युनिट आहे. जानेवारीत जर्मनीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टील या कापड प्रदर्शनाला जातो आहे. तिथे गाडी भाड्याने घेऊन आसपासच्या ग्राहकांना भेटायचे आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढला की झाले ना? पुणे-हैदराबाद महामार्गावर वीस वर्षे गाडी चालवतो आहे.
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर : तेवढ्याने होत नाही. आंतरराष्ट्रीय परमिट म्हणजे तुमच्या मूळ परवान्याचे तिकडच्या पोलिसाला वाचता येईल असे भाषांतर. त्यामुळे मूळ परवाना सोबत नसेल तर नुसत्या परमिटला किंमत नाही. कायदा मात्र पूर्ण तिथला लागतो आणि त्यात महामार्गाच्या अनुभवापेक्षा अंगवळणी पडलेल्या सवयीच जास्त नडतात.

सर्वांत मोठा फरक बिनसिग्नलच्या चौकात आहे. आपल्याकडे हॉर्न देऊन जो पुढे सरकतो तो जातो. जर्मनीत कुठलीही पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो लहान गल्लीतून येत असला तरी. पांढऱ्या कडेची, पिवळी, शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी दिसली की समजा, तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. त्याच पाटीवर काट मारलेली असेल तर ते प्राधान्य तिथे संपले.

दुसरी सवय लाल सिग्नलला कडेने वळून निघून जाण्याची. तिकडे वाहतूक उजवीकडून, म्हणून हा मोह उजवीकडे वळताना होतो. सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी कायम लावलेली असेल तरच, आणि तेही गाडी पूर्ण थांबवून, वळता येते. वळताना उजव्या खांद्यावरून मागे पाहाच. सरळ जाणारा सायकलस्वार आरशात दिसत नाही आणि हक्क त्याचा असतो. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावे लागते.

वेग गावात ताशी ५० किलोमीटर, गावाबाहेर १००. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, वेगमर्यादाच नाही, हा समज अर्धवट आहे. बऱ्याच पट्ट्यांत मर्यादा लावलेली असते. जिथे नसते तिथेही १३०ची शिफारस आहे. उजवीकडून ओव्हरटेक करता येत नाही. वाहतूक तुंबू लागताच सर्वांत डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सर्वांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायची असते. त्यासाठी सायरन ऐकू येण्याची वाट पाहू नका, तोवर गाड्या अडकलेल्या असतात. इंधन संपून तिथे थांबणे हा आपला दोष धरला जातो, म्हणून पाव टाकी उरली की भरून घ्या.

जानेवारी आहे, तेव्हा टायर बघा. बर्फ किंवा निसरडा रस्ता असेल तर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर चालतात. ते बुकिंगच्या वेळीच लेखी मागून घ्या. फ्रँकफर्ट शहरात शिरायला काचेवर हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो, तोही काउंटरवरच तपासा.

डाव्या-उजव्याची चूक गर्दीत होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. ती होते पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावर. खूण एकच धरा : चालकाची बाजू रस्त्याच्या मधल्या रेषेकडे. गिअर उजव्या हाताने टाकावा लागेल, म्हणून ऑटोमॅटिक गाडीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : परमिट कसे काढायचे? माझा परवाना जुन्या पुस्तकाच्या स्वरूपातला आहे.
– वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : आधी परवान्याचे काम करा. जुन्या पुस्तकाची नोंद ‘सारथी’ संकेतस्थळावर सापडत नसेल तर आरटीओत मूळ पुस्तक नेऊन नोंद करून घ्यावी लागेल. त्याशिवाय पुढचा अर्जच उघडत नाही. मग नाव पाहा. परवान्यावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, किंवा वडिलांचे नाव एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही, हे आपल्याकडे घरोघरी आहे. परमिटवर परवान्यातलेच नाव येते आणि गाडी देणारा ते पासपोर्टशी व क्रेडिट कार्डाशी ताडून पाहतो. दुरुस्ती परवान्यातच करा.

त्यानंतर सारथीवर परवान्यावरील सेवांमध्ये परमिट निवडायचे. नमुना ४-अ, परवाना, पासपोर्ट आणि शुल्क १००० रुपये. २०२१च्या दुरुस्तीनंतर अर्जाच्या वेळी व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट राहिलेली नाही. परवाना एमएच-४५चा असेल तर चौकशी अकलूजला. परमिट एक वर्षच चालते आणि त्याआधी परवाना संपला तर तेही संपते. मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरण आधी. ते वर्षभर अगोदर करता येते. दहा-दहा वर्षांचे ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ विकणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालू नका, त्याला कायद्याचा आधार नाही. चीनमध्ये तर खरे परमिटही चालत नाही.

प्रश्न : कॅलिफोर्नियात मुलाकडे चार महिने राहणार आहे. नातवाला शाळेतून आणायला त्याची गाडी चालवता येईल का?
– एक आजोबा, सात रस्ता

उत्तर : येईल. तिथे पाहुण्याला मायदेशाचा वैध परवाना चालतो, तरी परमिट जवळ ठेवा. मात्र आधी मुलाला त्याच्या विमा कंपनीकडून लेखी विचारायला सांगा, की तुम्ही चालवलेले त्यांना मान्य आहे का. नातू आठ वर्षांखालचा असेल तर मागच्या सीटवर, मुलांच्या खास आसनात बसवावा लागतो.

पिवळ्या शाळाबसचे लाल दिवे उघडझाप करू लागले की थांबायचे. समोरून येत असलात तरी थांबायचे. रस्त्यात दुभाजक असेल किंवा दोन्ही दिशांना दोन-दोन लेन असतील तरच समोरच्याला सूट. स्टॉपच्या पाटीला चाके पूर्ण थांबली पाहिजेत, वेग कमी करणे पुरत नाही. चारही बाजूंना अशी पाटी असेल तर जो आधी पोहोचला तो आधी जातो. पोलिसाने मागे दिवे लावले तर उजवीकडे गाडी घ्या आणि हात स्टिअरिंगवर ठेवून आत बसून राहा. आपल्यासारखे कागद घेऊन खाली उतरलात तर तिथे तो धोक्याचा इशारा समजतात.

प्रश्न : मुलगा नोकरीला दुबईला गेला आहे. इथून काढलेले परमिट वर्षभर चालेल ना?
– वाचक, होटगी रस्ता

उत्तर : नाही. पर्यटक व्हिसावर होता तोवर त्यावर भाड्याची गाडी मिळाली असेल. रहिवासी व्हिसा लागला की तिथलाच परवाना हवा, आणि भारतीय परवाना नुसता बदलून मिळणाऱ्यांच्या यादीत नाही. प्रशिक्षण संस्थेत नाव घालून चाचणी द्यावी लागते. तोवर चालवली तर ते विनापरवाना धरतात आणि अपघात झाल्यास विमाही हात वर करतो. दारूची मात्रा तिथे शून्यच. त्याला आजच फोन करून व्हिसा कुठला आहे ते विचारा.