नवशिक्याला कळेल आणि अनुभवी प्रोग्रामरलाही खटकणार नाही, असा कोड कसा लिहावा?

नवशिका आणि अनुभवी ही विभागणीच मला अपुरी वाटते.

रत्नागिरीत आंबा बागायतदारांच्या हिशेबाचा एक प्रोग्राम मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. त्यांच्या व्यवहारात भाव डझनावर ठरे आणि हमाली पेटीवर कापली जाई; फळ मोठे असेल तर पेटीत चार डझन बसत, लहान असेल तर सहाही बसत. हे गणित मी तीन ओळींत मांडले आणि वर टीप दिली : ‘हमाली पेटीवर, डझनावर नाही.’ सोबतच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते बालिश वाटले. ‘ज्याला कोड वाचता येत नाही, त्याच्यासाठी आपण का लिहायचे?’ असे म्हणून त्यांनी तिन्ही ओळींची एक ओळ केली, पेट्यांना ‘एन’ आणि डझनांना ‘डी’ असे नाव दिले आणि टीप काढून टाकली. मी तेव्हा गप्प बसलो, याची खंत अजून आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, त्या ओळीत बदल करावा लागला. तो करणारा मुलगा पायथनमध्ये माझ्याहून तरबेज होता. परंतु पट्टी, म्हणजे बागायतदाराला मिळणारी विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, कशी लागते हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि कोडवरून ते कळण्याची सोय उरली नव्हती. त्याने हमालीलाही डझनांनी गुणले. पाच डझनी ४० पेट्यांची हमाली १० रुपयांप्रमाणे ४०० रुपये व्हायची, ती २,००० छापली गेली. एका वयस्क बागायतदारांनी पट्टीवरच्या त्या आकड्यावर बोट ठेवले, तेव्हा चूक उघडकीला आली.

त्या सहकाऱ्यांना सांगायचे राहिले ते इथे सांगतो. भाषेत मुरलेला माणूसही धंद्यात नवखा असू शकतो आणि टीप त्याच्यासाठीही असते. कोड लिहिला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळा वाचला जातो, हे पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांचे निरीक्षण २००१ सालच्या ‘पेप ८’ या त्या भाषेच्या लेखनसंकेतांतच नमूद आहे. तेव्हा नावे पेटी, डझन, हमाली अशी धंद्यातलीच द्यावीत. लूप, म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करणारी रचना, कसा चालतो हे टिपेत समजावू नये. हिशेब असाच का केला, तेवढे लिहावे.

एकओळी रचना नेहमीच वाईट, असे मात्र मी म्हणत नाही; यादीतून रिकाम्या नोंदी गाळण्यासारखे साधे काम तीत अधिक स्पष्ट दिसते. शिवाय हमालीचा दर टिपेत लिहू नये, कारण दर बदलतो आणि टीप तशीच राहते. तो फाइलच्या सुरुवातीला स्वतंत्र नावाने ठेवावा.