सालीवरच्या बुरशीला नाव देण्याआधी

प्रिय मित्रा,

बाभळीच्या वाळक्या फांदीवरचे काळे, लांबट दाणे पाहिले. पाकिटावर तू ‘हिस्टेरियम’ हे बुरशीचं नाव लिहून मोकळा झालास. ते खोडून टाक, सध्या नुसता नमुना क्रमांक राहू दे. माझा कल ऱ्हिटिडहिस्टेरॉन रुफुलम या दुसऱ्या बुरशीकडे आहे, पण तो अंदाजच.

आधी सालीचा तुकडा अर्धा तास पाण्यात ठेव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या दाण्यांचे, म्हणजे बुरशीच्या फळांचे, ओठ घट्ट मिटलेले असतात. ओल लागली की फाकतात. ऱ्हिटिडहिस्टेरॉन असेल तर कडेवर आडव्या रेघा आणि आत लालसर, केशरी किंवा पिवळट तबकडी दिसेल (कधी काळीही असते, म्हणून रंगावर सगळा भार टाकू नकोस). हिस्टेरियमची फट भिजूनही सहसा अरुंदच राहते, आणि फळ कोळशासारखं ठिसूळ.

मग फळ गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने आडवे, पातळ काप घे. पहिली स्लाइड साध्या पाण्यातच कर. कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्याने बीजाणूंचा मूळ तपकिरी रंग झाकला जातो. ते नंतर, स्यूडोपॅराफायसिस (ॲस्कसांमधले वांझ तंतू) बघताना वापर. ॲस्कस, म्हणजे बीजाणूंची पिशवी, दुहेरी भिंतीचा, बहुधा आठ बीजाणूंचा. कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टेकवलंस, तर कधीकधी बाहेरची भिंत फाटून आतली लांबताना दिसते. जोर लावलास तर बीजाणूच फुटतील.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रुफुलमचा पक्व बीजाणू गडद तपकिरी, तीन आडपडद्यांचा, म्हणजे चार कप्प्यांचा. कोवळा असताना तोच फिकट आणि एकाच पडद्याचा असतो. ऱ्हिटिडहिस्टेरॉन हिस्टेरिनम या भावंड जातीच्या पक्व बीजाणूलाही एकच पडदा. त्यामुळे ॲस्कसमधले कच्चे बीजाणू मोजलेस की जातच बदलते! गडद झालेले, ॲस्कसबाहेर पडलेले निदान ३० मोज. फळं जुनी, रिकामी निघाली तर त्याच झाडावर पावसाळ्यात पुन्हा जा.

मोजण्याआधी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी आयपीसमधली मोजपट्टी वेगळी कॅलिब्रेट कर. स्टेज मायक्रोमीटरचा (मापाच्या रेघा आखलेल्या स्लाइडचा) एक भाग १० मायक्रॉनचा. आयपीसचे ४० भाग त्याच्या १० भागांवर बसले, तर एक भाग २.५ मायक्रॉन. बीजाणूची रुंदी साधारण १० मायक्रॉनच्या आसपास असते. एका भागाची चूक म्हणजे पाव हिस्सा. रुंदीसाठी १०० एक्स आणि तेलच वापर. कशात मोजलंस तेही लिही, कारण पोटॅशच्या (केओएच) द्रावणात बीजाणू फुगू शकतात.

वर्गीकरणाची जुनी पुस्तकं बघताना गोंधळू नकोस. रुफुलम ही जात मुळात हिस्टेरियममध्येच होती. स्पेगाझिनी या बुरशीतज्ज्ञाने ऱ्हिटिडहिस्टेरॉन १८८१ मध्ये वेगळं काढलं. ते बराच काळ पॅटेलॅरिएसी कुळात होतं, २००९ पासून हिस्टेरिएसीत आहे. डीएनए करायचा झाला तर नुसत्या आयटीएस या भागावर थांबू नकोस; एलएसयू आणि टीईएफ-१ हे भागही घे.

नमुना कागदी पाकिटातच ठेव. श्रावणात प्लास्टिकमध्ये ठेवलेल्या ओल्या सालीवर बघता बघता दुसरीच हिरवी बुरशी चढते. ४० अंशांवर वाळव, मग आठवडाभर उणे २० अंशांत ठेव, म्हणजे किडे मरतील. पाकिटावर झाडाचं नाव, फांदी मेलेली की जिवंत, गाव, तारीख. गौताळा अभयारण्यातून काही उचलायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढ. अर्धा नमुना पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या आजरेकर हर्बेरियमला (बुरशींच्या नमुन्यांच्या संग्रहाला) देण्याविषयी विचारून बघ. तिथला क्रमांक मिळाला की तो शोधनिबंधात घालता येतो.

तीस मापांचा तक्ता झाला की पाठव, सोबत पाण्यातल्या स्लाइडचा फोटो, स्केलसकट.

तुझे सर