सेंट मोनिका कोण होती आणि आया तिलाच का साकडं घालतात?

मोनिका म्हणजे ख्रिश्चन धर्मातला मोठा संत आणि विचारवंत सेंट ऑगस्टिन याची आई, चौथ्या शतकातली, गाव थागास्ते, म्हणजे आजच्या अल्जेरियातलं सूक अहरास. नवरा पॅट्रिशियस ख्रिश्चन नव्हता, प्रचंड तापट आणि बाहेरख्याली पण. नोकराणींनी कान भरल्यामुळे सासूही आधी हिच्या विरोधात होती पण हिने शांत राहून, सेवा करून तिला आपलंसं केलं, आणि नवऱ्यानेही मरायच्या थोडं आधी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे तो ख्रिश्चन झाला.

पण खरा जीव अडकला होता तो ऑगस्टिनमध्ये. पोरगा हुशार पण मानी नावाच्या धर्मगुरूच्या, चर्चला अमान्य असलेल्या पंथाच्या नादी लागलेला, तर ही रोज रडायची, एका बिशपच्या इतकी मागे लागली की तो वैतागून म्हणाला, जा आता, ज्याच्यासाठी एवढे अश्रू गाळलेस तो पोरगा वाया जाणार नाही. ३८३ मध्ये तर ऑगस्टिनने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बंदरावर चक्क थाप मारली, ही रात्रभर जवळच्या प्रार्थनास्थळात प्रार्थना करत बसली आणि हा जहाजाने रोमला पसार! तरी ही माउली समुद्र ओलांडून मिलानला पोचलीच. ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती वारली, ५६ व्या वर्षी. मला कुठेही पुरा, फक्त प्रार्थनेत आठवण ठेवा, एवढंच मागणं होतं तिचं. मला तर हे वाचून दरवेळी भरून येतं. पोरासाठी एवढी झुरलेली आई, म्हणूनच आया तिला साकडं घालतात.

तिचा सण २७ ऑगस्टला असतो, ऑगस्टिनच्या आदल्या दिवशी. ओल्ड गोव्यातलं सांता मोनिका कॉन्व्हेंट तिच्याच नावाचं बरं का.