वाचक विचारतात : सात हजारातली एअर रायफल घ्यावी काय?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून घरात शूटिंगचंच खूळ. रेंजवर नाव घातलंय, पण घरी पण सराव पाहिजे म्हणून रायफल घ्या म्हणून मागं लागलीय. दुकानदार सात हजाराला एक दाखवतोय, बॉक्सवर १००० एफपीएस लिहिलंय, लायसन लागत नाही म्हणतोय, वर दुर्बीण फ्री. घ्यावी काय? – एक पालक, कळंबा

उत्तर : दादा, घाई नको, आणि ती तर नकोच. आधी तो हजाराचा आकडा बघू. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फूट, हजार फूट म्हणजे साधारण ३०५ मीटर. रेंजवर जो शिशाचा चपट्या तोंडाचा छर्रा वापरतात तो ०.५३ ग्रॅमच्या आसपास भरतो, तो खरंच ह्या वेगानं सुटला तर ऊर्जा २४ ज्यूलच्या वर जाते. आणि आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणं बिनलायसनच्या एअर गनची हद्द २० ज्यूल आणि नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर. म्हणजे एकतर तो आकडा कुठल्यातरी फुलासारख्या हलक्या छर्र्यावर काढलाय, नाहीतर लायसन लागत नाही हे तरी खोटं. बहुतेक वेळा पहिलंच असतंय. आणि गंमत बघा, स्पर्धेत वापरतात ती लाखांतली रायफल सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपासच मारते. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला जोर लागतच नाही, छर्रा परत परत त्याच जागी गेला पाहिजे एवढाच विषय.

दुर्बीण फ्री म्हणजे ती काढून ठेवायचीच वस्तू. दहा मीटर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक भोकाची मागची साईट असते. शिवाय स्वस्तातली म्हणजे नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची रायफल, तिच्यात पिस्टन पुढं आदळतो तेव्हा धक्का मागं आणि पुढं असा दोन्हीकडं बसतो, त्यात साध्या दुर्बिणीची आतली काच-बिच हलते आणि मग मुलगी म्हणणार माझाच नेम चुकतोय.

आता दुकानात बघायचं काय. छर्रा न घालता चाप ओढून दाखवतो म्हणला तर नको म्हणा, स्प्रिंगच्या रायफलला रिकामी मारणं लई वाईट, पुढं हवेची उशी नसती त्यामुळं पिस्टन थेट आदळतो. नळी मोडा आणि एका हातानं ती धरूनच ठेवा (हे मुलीला पण पहिल्या दिवशी शिकवा, नळी उलटून बसली तर बोट जातंय), मागून पांढऱ्या कागदाकडं धरून आत बघा, आट्या (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) स्वच्छ वळत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. नळीच्या तोंडाला बुर्र (धातूची बारीक धार) किंवा खरवड असेल तर सोडून द्या, छर्रा बाहेर पडताना तिथंच वाकडा होतो. नळी बंद करून आडवी हलवून बघा, सांध्यात खुळखुळ नको. मागची साईट बोटानं दाबून बघा, स्वस्त मालात सगळ्यात आधी तीच ढिली असते. चाप जड असणारच, त्याला इलाज नाही, पण ओढताना मधे करकर अडकत असेल तर मुलगी दर शॉटला रायफल हलवणार.

खरी परीक्षा कागदावर. कुठल्याही चांगल्या विक्रेत्याला म्हणा दहा मीटरवर दहा छर्रे मारून बघू द्या, नाही म्हणला तर पैसे पण नाही म्हणायचं. पहिले काही शॉट मोजू नका, कारखान्यातलं तेल आत जळतं, धूर येतो, छर्रे कुठंही जातात. मग रायफल टेबलावर घट्ट न टेकवता मऊ पिशवीवर तळहात, तळहातावर रायफल, हलकी धरून मारा, स्प्रिंगच्या रायफलला आवळून धरलं की छर्रे विखुरतात. दहाच्या दहा भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली तर सात हजारात भरून पावलं समजा. भोकं एका बाजूला गेली तर काय बिघडत नाही, साईट फिरवून येतं, पण विखुरली तर साईट काय करणार. तरी एक-दोन वेगळ्या डब्यातले छर्रे मारून बघा, एकच रायफल एका छर्र्याला रुसते आणि दुसऱ्याला लाडात येते.

आता तुमचा मूळ विषय, सराव. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळं ह्या रायफलीवर स्कोअर काढायचा नाही, आणि स्प्रिंगची हिसक्याची सवय लागली तर रेंजवर उलट त्रास. मला विचाराल तर पहिलं वर्ष दुधाळीच्या रेंजवरची किंवा जिथं नाव घातलंय तिथली रायफल वापरू द्या, घरी नुसतं उभं राहणं, श्वास, नेम धरून ठेवणं हे करायचं, आणि सात हजार चांगल्या जॅकेटला नाहीतर छर्र्यांना ठेवा. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायचं) वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ह्याच कोल्हापूरची, तिच्यामुळं इथं चांगले कोच, चांगली पोरं तयार झालीत, त्यांना विचारायला लाजू नका. तरी घ्यायचीच असेल तर पक्कं बिल घ्या, ओळखपत्राची कॉपी मागतील ती द्या. घरी मारताना टार्गेटच्या मागं नुसती भिंत नको, छर्रा उलटून डोळ्यावर येतो, जाड लाकडी पेटीत रद्दी ठासून ठेवा, चष्मा घाला, आणि मारून झालं की हात साबणानं धुवायचे, शिसं आहे ते.

प्रश्न : गावाकडं ओळखीतून जुनी .२२ पॉइंटची एअर रायफल मिळतीय तीन हजाराला, बिल नाही. स्प्रिंग गेलीय पण उद्यमनगरात मित्राचं वर्कशॉप आहे, जाड स्प्रिंग बसवून नव्यापेक्षा पॉवरफुल करून देतो म्हणतोय. करू काय? – कॉलेजकुमार, राजारामपुरी

उत्तर : भावा, मित्राचा हात चांगला असणार, उद्यमनगरात काय होत नाही, पण हे नको. .२२ म्हणजे ५.५ मिलिमीटर, ०.१७७ च्या वर गेलं की लायसन आलं, आणि बिल नाही म्हणजे ती कुणाची, कुठून आली हे तूच पोलिसांना सांगत बसणार. जाड स्प्रिंगनं २० ज्यूलची हद्द ओलांडली तर .१७७ ची पण तीच गत. वर जास्त जोरानं पिस्टन आदळून सील फाटतो, दस्त्याचे स्क्रू ढिले पडतात आणि ग्रुपिंग (छर्रे एकाच जागी बसणं) बिघडतं ते वेगळं. तीन हजारात कशाला कटकट विकत घेतोस. ०.१७७ ची, बिलाची बघ, वापरलेली चालेल पण वरचं सगळं तपासून.

प्रश्न : राधानगरीकडं आमचा ऊस आहे, रात्री गवे येतात. स्वस्तातली एअर रायफल घेऊन हाकलायला चालेल काय? – एक शेतकरी

उत्तर : नाही. गवा वन्यजीव कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला इजा केली तर केस होती. आणि एवढ्याशा छर्र्यानं गव्याला काय होतंय, चिडून अंगावर आला तर उसात पळायला जागा नाही. पिकाची भरपाई वनखात्याकडून मिळते, त्याच सकाळी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत पडलेला ऊस हलवू नका.